आश्विनांतील ऊन आणि चित्रकर्त्यांची घाई

कुरुंदवाडाजवळ कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे. पूर ओसरून कांठाचा गाळ उघडा पडला म्हणजे उत्तरेकडून नुकतेच उतरलेले पांढरे धोबी व तुतवार त्यावर किडे टिपीत फिरूं लागतात. त्याच सुमारास पक्ष्यांचीं छायाचित्रें घेणारी मंडळीहि तेथें उतरते. आमचा वाद तिच्या हौसेशीं नाहीं, घाईशीं आहे.

आश्विनांतलें आभाळ कोणाचें ऐकत नाहीं. परतीच्या पावसाच्या दोन सरींमध्यें ऊन पडलें, तरी तें घटकाभर टिकेल असा भरंवसा नसतो. मग तेवढ्यांत चित्र साधावें म्हणून टाळ्या वाजवून, क्वचित् खडा फेंकूनहि, पक्ष्याला उडविण्यांत येतें. कारण पंख पसरलेले नसतील तर चित्रास किंमत नाहीं, असा दंडक स्पर्धांच्या परीक्षकांनीं पाडून ठेविला आहे. तुतवाराचें सारें वजन ५० ग्रॅमांच्या आसपास. हिमालयांत किंवा त्याच्याहि उत्तरेस वीण उरकून तो येतो, आणि प्रवासांत झिजलेलें अंग या गाळावर भरून काढतो. एका उड्डाणानें काय बिघडतें, असें आम्हांस विचारतात. एकानें बिघडत नसेल; परंतु रविवारच्या सकाळीं दहा कॅमेरे आले, कीं त्या जीवानें खावें केव्हां?

बरें, उन्हाचा एवढा हव्यास तरी कशाला? भर उन्हांत बगळ्याचें अंग म्हणजे चुन्याचा नुसता ठिपका; पिसांची एक रेघ उरत नाहीं. तोच बगळा ढगाळ उजेडांत टिपावा, म्हणजे पांढऱ्यांतहि किती छटा आहेत तें कळतें. अशा उजेडांत कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवावी लागते व चित्रावर थोडे दाणे उमटतात. उमटोत बापडे!

इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी किअर्टन हे बंधु शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं, पक्षी बुजूं नयेत म्हणून पोकळ बनावट बैलाच्या पोटांत शिरून बसत. आज ६०० मिलिमीटरचें भिंग हातीं असूनहि आमच्या गृहस्थांना गाळ तुडवीत पुढें जावयाचें असतें!

परीक्षकांकडे व संपादकांकडे आमची मागणी एवढीच: उडत्या पक्ष्याचें चित्र हातीं आलें, कीं पक्षी आपण होऊन उडाला कीं उडविला, हें आधीं विचारावें. उत्तर टाळणाऱ्याचें चित्र परत धाडावें, मग तें कितीहि देखणें असो.