पाकिटाची पत

दिवाळीपूर्वी पेढीची साफसफाई निघाली की तारेला ओवलेली जुनी पत्रे प्रथम रद्दीत जातात. साजगाव-खोपोली परिसरातील आपल्या व्यापारी कुटुंबांना एक विनंती : ती पाकिटे टाकण्यापूर्वी त्यांवरील तिकिटे निरखून पाहावीत. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी आपल्या टपाल खात्याने चंद्रावरील पहिल्या मानवाच्या गौरवार्थ २० पैशांचे तिकीट काढले. पुढे ३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून अंतराळात गेले. त्याच दिवशी भारत-सोव्हिएत अंतराळ उड्डाणाचे ३ रुपयांचे तिकीट प्रसिद्ध झाले.

असे तिकीट सापडल्यास ते भिजवून सोडवण्याची घाई करू नये. एकाच छापाची तिकिटे असंख्य असतात. पत्र कोणत्या गावाहून, कोणत्या दिवशी निघाले, याची साक्ष मात्र पाकिटावरील शिक्काच देतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तिकीट म्हणजे रक्कम आणि शिक्का म्हणजे वहीतील नोंद.

या नोंदीचे मोल अंतराळवीरांनीही जाणले होते. अपोलो ११ च्या उड्डाणापूर्वी आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांच्यापुढे प्रश्न होता, की आपण परतलो नाही तर कुटुंबाचे काय? अशा जोखमीसाठी मोठ्या रकमेचा विमा त्यांच्या वेतनात परवडणारा नव्हता. म्हणून तिघांनी पाकिटांवर सह्या केल्या व ती विश्वासू माणसाकडे ठेवली. १६ जुलै १९६९ या उड्डाणाच्या दिवशी, तसेच चंद्रावर उतरण्याच्या दिवशी त्यांवर टपालाचे शिक्के उमटवण्यात आले. दुर्दैव ओढवलेच असते, तर ती पाकिटे विकून मुलाबाळांचा निर्वाह व्हावा, ही योजना. तिघेही सुखरूप परतले आणि पाकिटे घरातच राहिली. संग्राहक आज त्यांना ‘विमा पाकिटे’ म्हणतात.

दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या स्कॉट, वर्डन व आयर्विन यांनी सुमारे ४०० पाकिटे मंजूर यादीत न नोंदवता चंद्रावर नेली. त्यांपैकी १०० एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्यासाठी होती. प्रत्येकाला सुमारे ७ हजार डॉलर मिळायचे होते आणि ते मुलांच्या भवितव्यासाठीच राखून ठेवण्याचा विचार होता. व्यापाऱ्याने पाकिटे विक्रीस काढली व प्रकरण उघडकीस आले. तिघांनी पैसे परत केले, तरी १९७२ मध्ये त्यांना ठपका मिळाला. पुढे त्यांपैकी कोणीही अंतराळात गेले नाही. शासनाने ताब्यात घेतलेली पाकिटे १९८३ मध्ये त्यांना परत मिळाली, पण गेलेली संधी परत आली नाही.

दोन्ही ठिकाणी हेतू एकच होता, मुलांची तरतूद. पहिल्यांनी तारणास ठेवली ती स्वतःची सही, दुसऱ्यांनी शासनाच्या यानातून नोंद नसलेला माल नेला. बँकेच्या सेवेत कर्जाचे अर्ज तपासताना हाच भेद पाहावा लागे. गरज सर्वांचीच खरी असे, प्रश्न असे तो नोंदीचा.

घरातील नातवंडांना तिकिटांचा छंद अवश्य लावावा. संग्रहात येणाऱ्या प्रत्येक पाकिटाखाली ते कोणाकडून, कधी व कितीला घेतले, हे त्यांच्याच हातून लिहून घ्यावे. पेढीची वही पुढे त्यांनाच सांभाळायची आहे.