बोर्ली पंचतन लाव्हावरच वसलंय, मग तिथं ज्वालामुखी फुटेल का?

23 नोव्हेंबर 2025 ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. त्याची राख लाल समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्याच दिवशी भारताच्या आकाशात पोहोचली. काही विमानं रद्द झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीचा प्रश्न फिरू लागला: आपल्याकडेही असं होणार का?

श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनमध्ये कुणी हे विचारलं, तर हसू नका. दिवेआगरच्या शेजारचं हे गाव लाव्हावरच वसलंय. डोंगरातला काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. जुन्या घरांच्या भिंतीतला जांभा हा त्याच कातळाचा ऊन-पावसात झिजलेला अवतार. त्यात रायगड जिल्ह्यात गरम पाण्याची कुंडंही आहेत, पालीजवळ उन्हेऱ्याला आणि महाडजवळ सवला.

तरीही उत्तर 'नाही' असंच आहे.

पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याच्या मोठमोठ्या प्लेट्स आहेत आणि त्या वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. जिथं त्या एकमेकींपासून फाटतात, तिथं खालचा तप्त खडक वर येऊन वितळतो. इथिओपियात हेच चाललंय. जिथं समुद्राखालची प्लेट दुसरीच्या खाली घुसते, तिथंही ज्वालामुखी तयार होतात. जपान, इंडोनेशिया आणि आपलं अंदमानातलं बॅरन बेट ही त्याची उदाहरणं. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी या बॅरन बेटावर आहे.

कोकणचा लाव्हा मात्र तिसऱ्याच कारणाने आला. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत आजच्यापेक्षा बराच दक्षिणेला होता आणि खोल पोटातून वर येणाऱ्या एका उष्ण झोतावरून जात होता, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारत उत्तरेला सरकला, ती चूल मागेच राहिली. ती आजही पेटलेली आहे, पण हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली. आणि उन्हेऱ्याचं पाणी? ते भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. त्यासाठी खाली लाव्हा असावाच लागत नाही.

म्हणजे आपण सुरक्षित? इथंच गफलत होते. ज्वालामुखी नाही म्हणजे भूकंप नाही, असं गणित नसतं. भूकंपाला वितळलेला खडक लागत नाही, ताण साठलेली जुनी भेग पुरते.

बोर्लीपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कोयनानगर आहे. तिथं 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि 180 च्या आसपास माणसं गेली. धरणात पाणी साठू लागल्यावर तिथं धक्के वाढले होते. पाण्याचा भार आणि भेगांत मुरणारं पाणी यांनी आधीच ताणलेल्या भेगांना निमित्त दिलं, असं शास्त्रज्ञ मानतात. पुढे कोयना परिसरात 3 किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं गेलं. लाव्हाचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपले, त्याखाली प्राचीन ग्रॅनाइट लागला. धक्के येतात ते मुख्यतः या खालच्या खडकातून. वरचा काळा कातळ बिचारा फुकट बदनाम.

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंपही प्लेटच्या कडेपासून कितीतरी लांब झाला. तीव्रता 6.2 च्या आसपास, बळी दहा हजारांच्या घरात. इतके का? माणसं झोपेत होती आणि डोक्यावर दगड-मातीची जड घरं होती.

किनाऱ्याला आणखी एक धोका आहे, तो जमिनीतून नाही, समुद्रातून. नोव्हेंबर 1945 मध्ये आजच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ 8 च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. आता त्सुनामीचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस केंद्रातून मिळतो. पण जमीन बराच वेळ जोरात हलली किंवा समुद्र अचानक आत ओढला गेला, तर दिवेआगरच्या पुळणीवर मोबाइल काढून शूटिंग करत थांबू नका, उंचावर पळा.

'उद्या अमुक वाजता भूकंप' असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा, ती वेळ जगात कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा आपल्या जांभ्याच्या घराचे कोपरे एकमेकांत गुंतवलेत का, दगडांमधली माती सुटलीय का आणि कौलांखालचे वासे भिंतीला नीट बांधलेत का, हे गवंड्याला एकदा दाखवून घ्या.