192 हातांची परवानगी

समजा, कोकणातल्या मालगुंडसारख्या एखाद्या गावात सरपंचाने सरकारी जागेवर पडवी वाढवली. एखादा गावकरी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, मोजणी होते आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली सरपंच अपात्र ठरतो. अतिक्रमण मी नव्हे, घरच्यांनी केलं, ही सबबही सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये जनाबाई प्रकरणात निकालात काढली. गावात कायद्याचा हात असा लांब. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत, म्हणजे मुख्यमंत्र्यांपर्यंत, पोहोचताना मात्र तो आखडत जातो.

हे कळलं तेही एका कोकणी माणसामुळेच. आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले 1980 च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तो त्यांच्याच काळात, 1981 मध्ये, आणि कोकणात आजही त्यांचं नाव काढताना लोक आधी कामं मोजतात, सिमेंट नंतर. तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं. अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बिल्डरांकडून देणग्या येत होत्या, आणि त्या देणग्यांचा सिमेंटवाटपाशी संबंध असल्याचा निष्कर्ष जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी काढला. अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं.

खुर्ची गेली, खटला राहिला. तो चालवायला मंजुरी कोणाची, यावरच वाद रंगला. भाजपचे नेते रामदास नायक यांच्या तक्रारीला राज्यपालांनी परवानगी दिली. मग अंतुले अजून आमदार आहेत, त्यासाठी वेगळी मंजुरी हवी, असा मुद्दा आला. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींनी पाच विरुद्ध दोन मतांनी ही सोपवणूकच चूक ठरवली! कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला निवाडे मिळाले. शिक्षा कुणालाच झाली नाही. अंतुले पुढे दोनदा केंद्रात मंत्री झाले.

राज्यघटनेच्या कलम 361 मध्ये पदावर असेपर्यंत फौजदारी खटल्यापासून संरक्षण आहे ते राष्ट्रपती आणि राज्यपालांना. मुख्यमंत्री त्यात बसत नाही. फ्रान्समध्ये तर माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी ऑक्टोबर 2025 मध्ये तुरुंगात गेले. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये अध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांभोवती कवच उभं केलं.

आपण कुठे आहोत? विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये लोकायुक्त विधेयक मंजूर केलं. मुख्यमंत्री त्याच्या कक्षेत आले, टाळ्याही पडल्या. पण चौकशीपूर्वी विधानसभेची दोन-तृतीयांश मतांनी मान्यता हवी. 288 च्या सभागृहात 192 हात. ज्याच्या बहुमतावर सरकार उभं, त्याच सभागृहाने आपल्या नेत्याच्या चौकशीला होकार द्यायचा! ही अट काढून निर्णय लोकायुक्तांवरच सोपवायला हवा. अंतुल्यांच्या वेळी निदान राज्यपालांची एक सही पुरली होती.