सदतीस दिवसांचा न संपणारा खटला

पहिले महायुद्ध कोणी सुरू केले, या प्रश्नाला शंभरहून अधिक वर्षे उलटूनही इतिहासप्रेमींना त्याचा कंटाळा आलेला नाही. राज्यकर्त्यांनाही आलेला नाही, आणि खरी चिंता त्याचीच आहे.

व्हिएन्ना येथील लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात एक जुनी उघडी मोटार जपून ठेवलेली आहे. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची साराजेवो शहरात हत्या झाली, ती याच मोटारीत. तिच्या क्रमांकाच्या पाटीवर 'ए' हे अक्षर, त्यापुढे रोमन तीन आणि मग ११८ हा आकडा आहे. रोमन तीन म्हणजे तीन उभ्या रेघा. त्यांना एकाचे आकडे मानायचे, 'ए' म्हणजे 'आर्मिस्टिस' समजायचे आणि ११ नोव्हेंबर १९१८ ही युद्धबंदीची तारीख वाचून मोकळे व्हायचे, असा हौशी अभ्यासकांचा एक लाडका उद्योग आहे. जर्मन भाषेत युद्धबंदीला असलेला शब्द 'ए'ने सुरूच होत नाही, ही अडचण कोणी फारशी मनावर घेत नाही.

अशीच दुसरी आख्यायिका सँडविचची. सकाळचा बॉम्बहल्ला फसल्यानंतर निराश झालेला गाव्रिलो प्रिन्सिप खाण्यासाठी म्हणून एका दुकानात शिरला, तेवढ्यात युवराजाची मोटार रस्ता चुकून नेमकी त्याच्यापुढे येऊन थांबली, असे ठिकठिकाणी सांगितले जाते. यातील मोटार चुकली हे खरे. बदललेला मार्ग चालकाला कोणी कळविलाच नव्हता, त्यामुळे लॅटिन पुलाजवळ तो ठरलेल्या जुन्या मार्गाने वळला आणि चूक लक्षात आणून दिल्यावर थांबला. प्रिन्सिप तेथे उभा होता, कारण युवराजाचा जाहीर झालेला मार्गच तो होता. सँडविचचा उल्लेख त्या काळच्या कागदपत्रांत कोठेही नाही. ते या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश माहितीपटामुळे लोकप्रिय झाले. योगायोगाने जग पेटले ही कल्पना मात्र इतकी मोहक आहे, की ती सोडायला कोणी तयार नसते.

या मोहाचे एक कारण त्या प्रकरणाच्या रचनेतच आहे. साराजेवोतील हत्येपासून ब्रिटनच्या युद्धघोषणेपर्यंत, म्हणजे ४ ऑगस्टपर्यंत, अवघे सदतीस दिवस होतात. त्यांतील शेवटच्या दोन आठवड्यांचा हिशेब जवळजवळ तासातासाने उपलब्ध आहे. ५ जुलैला जर्मन सम्राट विल्हेल्मने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. २३ जुलैला सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची निर्वाणीची मुदत मिळाली. सर्बियाने जवळजवळ सर्व अटी मान्य केल्या. ते उत्तर २८ जुलैला वाचून विल्हेल्मला आता युद्धाचे कारण उरले नाही असे वाटले. पण त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. रशियाच्या झारने २९ तारखेला सर्वंकष सैन्यजमवाजमवीचा हुकूम दिला, विल्हेल्मची तार आल्यावर रात्री तो मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. हे दोघे एकमेकांना 'विली' आणि 'निकी' म्हणून तारा पाठवीत होते. प्रत्येक वळणावर 'येथे कोणी थांबला असता तर?' असा प्रश्न उभा राहतो. रहस्यकथेच्या वाचकाला आणखी काय हवे?

तथापि ज्या कागदपत्रांवर हा सारा छंद पोसला गेला, ती कागदपत्रे कोणी आणि कशासाठी छापली, याचा विचार क्वचितच होतो. युद्धाला तोंड फुटताच जर्मनीने 'श्वेतपुस्तक' काढले. पाठोपाठ ब्रिटनचे निळे, रशियाचे नारिंगी, बेल्जियमचे करडे, फ्रान्सचे पिवळे आणि ऑस्ट्रियाचे लाल पुस्तक आले. प्रत्येकाने आपल्या सोयीच्या तारा निवडल्या, गैरसोयीच्या गाळल्या. पुढे २८ जून १९१९ रोजी, हत्येला बरोबर पाच वर्षे होत असताना, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या आणि त्यातील कलम २३१ने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. हे कलम खोडून काढण्यासाठी जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने स्वतंत्र विभागच उघडला आणि १९२२ ते १९२७ या काळात दस्तऐवजांचे चाळीस खंड प्रसिद्ध केले. त्यांना उत्तर म्हणून इतर देशांनीही आपापली दप्तरे उघडली. इतिहासाच्या अभ्यासकांना एवढे साहित्य एरवी मिळाले नसते हे मान्य करावे लागेल. पण ते पुरावा म्हणून नव्हे, तर वकिलाच्या कैफियतीसोबत जोडलेले कागद म्हणून पुढे आले होते.

या ढिगाऱ्यातून सर्वांत चिकाटीने वाट काढली ती एका पत्रकाराने. ल्यूजी अल्बर्टिनी हे मिलानच्या 'कोरियेरे देला सेरा' या दैनिकाचे संपादक. फॅसिस्ट राजवटीने १९२५ मध्ये त्यांना पदावरून घालविले. त्यानंतरची वर्षे त्यांनी १९१४च्या जुलैचा शोध घेण्यात घालविली. हयात असलेल्या मंत्र्यांना आणि राजदूतांना प्रश्न पाठविले, त्यांच्या जबान्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्या. त्यांचे तीन खंड १९४१ मधील त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना पहिल्याच्या कारणांवरील ग्रंथ वाचण्यास कोणाला सवड असणार? इंग्रजी भाषांतर १९५०च्या दशकात आल्यावर त्याची थोरवी लोकांना कळली.

खरे वादळ उठले ते १९६१ साली. हॅम्बुर्गचे इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी जर्मन नेतृत्वाने १९१४ मध्ये युद्धाचा धोका जाणूनबुजून पत्करला आणि विस्ताराची उद्दिष्टे त्यामागे होती, असे सप्रमाण मांडले. सप्टेंबर १९१४ मध्ये चॅन्सेलर बेथमान होल्वेग यांच्या कार्यालयात तयार झालेला, बेल्जियमला अंकित करून फ्रान्सला दुबळे करण्याचा आराखडा त्यांनी प्रकाशात आणला. पश्चिम जर्मनीत हे अनेकांना सहन झाले नाही. हिटलर हा अपघात होता, त्याआधीचा जर्मनी इतरांसारखाच होता, या समजुतीला त्यामुळे धक्का बसत होता. १९६४ मध्ये फिशर यांच्या अमेरिकेतील व्याख्यान-दौऱ्याचा सरकारी निधी काढून घेण्यात आला. अखेर अमेरिकी विद्यापीठांनीच खर्चाचा भार उचलला. पन्नास वर्षांपूर्वीच्या घटनेवरील पुस्तकाने सरकार अस्वस्थ व्हावे, यातच सारे आले.

जवळपास त्याच वेळी अटलांटिकपलीकडे याच जुलै महिन्यातून अगदी वेगळा धडा घेतला जात होता. बार्बरा टकमन यांचे 'द गन्स ऑफ ऑगस्ट' १९६२ मध्ये आले. ते वाचलेल्या अध्यक्ष केनेडींनी ऑक्टोबरमधील क्यूबा पेचप्रसंगात त्याचा वारंवार उल्लेख केल्याचे त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी नोंदविले आहे. गैरसमज आणि लष्करी वेळापत्रके राष्ट्रांना नको असलेल्या युद्धात ओढतात, असा बोध केनेडींनी घेतला आणि प्रतिपक्षाला माघारीची वाट मोकळी ठेवली. फिशर यांचे म्हणणे खरे मानले तर १९१४ मध्ये कोणी 'ओढला' गेला नव्हता; निदान बर्लिन आणि व्हिएन्ना येथे धोका हिशेबात धरलेला होता. म्हणजे केनेडींनी अर्धवट इतिहासातून शहाणा निर्णय घेतला, असे म्हणायचे का? कदाचित तसेच म्हणावे लागेल.

२०१२ मध्ये केंब्रिजचे क्रिस्टोफर क्लार्क यांचे 'द स्लीपवॉकर्स' प्रसिद्ध झाले आणि लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाला गेला. कोणा एकाच्या हाती पिस्तूल सापडेल असा हा गुन्हा नव्हे. सर्वच राजधान्यांतील माणसे झोपेत चालल्यासारखी कड्याकडे गेली, असे त्यांचे प्रतिपादन. सर्बिया आणि रशिया यांच्या वर्तनाची त्यांनी कसून झडती घेतली. जर्मनीत या पुस्तकाच्या भाषांतराला जो प्रचंड खप लाभला, त्यात केवळ वाङ्मयीन कुतूहल होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. सर्बियात साहजिकच उलट प्रतिक्रिया उमटली.

या सर्व वादाची जिवंत खूण पाहायची तर साराजेवोच्या त्या कोपऱ्यावर जावे. युगोस्लाव्हियाच्या काळात, १९३० साली, तेथे प्रिन्सिपच्या गौरवाची पाटी बसली. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी ती काढून हिटलरला वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. टिटोंच्या राजवटीत पुन्हा गौरवाची पाटी आली, पुलाला प्रिन्सिपचे नाव मिळाले आणि तो जेथे उभा होता तेथे पावलांचे ठसे उमटविण्यात आले. १९९०च्या दशकातील युद्धात, सर्ब फौजांच्या वेढ्यात सापडलेल्या शहराला सर्ब वीराची ही पावले नकोशी झाली. ठसे गेले, पुलाचे जुने नाव परत आले. आजच्या पाटीवर कोणी कोणाची हत्या केली एवढीच कोरडी नोंद आहे. मात्र शताब्दीच्या वेळी, जून २०१४ मध्ये, शहराच्या सर्ब भागात प्रिन्सिपचा पुतळा उभा राहिला आणि पुढच्या वर्षी बेलग्रेडमध्येही. मारेकरी एकच, वीर की दहशतवादी, हे रस्ता ओलांडल्यावर बदलते.

हौशी अभ्यासकांच्या बैठकांत आवडीने खेळला जाणारा 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ या संदर्भात बोलका आहे. तो अमेरिकेच्या अॅलन कॅल्हॅमर यांनी १९५९ मध्ये बाजारात आणला. त्यात फासे नाहीत. सात महासत्तांचे खेळाडू गुप्त बोलणी करतात आणि मग आपल्या चाली लिहून देतात. सर्बिया आणि बेल्जियम पटावर आहेत, पण ते केवळ जिंकण्याची घरे. त्यांच्या बाजूने बोलायला खेळाडू नाही. महायुद्धांच्या उगमाविषयीच्या बहुतेक चर्चेचे हेच वैगुण्य आहे. हिंदुस्थान तर त्या पटावरच नाही. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले आणि हिंदुस्थानही उतरल्याचे गृहीत धरले गेले. कोणी विचारले नाही. तेरा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कूत येथे शरण गेलेल्या सैन्यात मराठा पलटणींचे जवान होते. सातारा जिल्ह्यातील ज्या गावांत त्या युद्धाच्या स्मारकशिला आहेत, तेथे किती गेले आणि किती मेले ते लिहिले आहे. सर्बियाच्या उत्तराशी त्यांचा काय संबंध, हे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

हा सारा वाद पुस्तकांपुरता राहिला असता तर प्रश्न नव्हता. तसे झालेले नाही. जानेवारी २०१४ मध्ये जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी दाव्होस येथे चीन-जपान संबंधांची तुलना १९१४ पूर्वीच्या ब्रिटन-जर्मनीशी केली आणि जगभर खळबळ उडाली. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय संसदेने दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभाचा संबंध ऑगस्ट १९३९च्या जर्मन-सोव्हिएत कराराशी जोडणारा ठराव केला. त्याला रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी जून २०२० मध्ये प्रदीर्घ लेख लिहून उत्तर दिले आणि म्युनिक कराराकडे व पोलंडकडे बोट दाखविले. जुलै २०२१ मध्ये त्यांचा दुसरा लेख आला, रशियन व युक्रेनियन एकच लोक असल्याचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे निघाले. देशाचा प्रमुख इतिहासाचे निबंध लिहू लागला की शेजाऱ्यांनी सावध व्हावे, असे तेव्हा विनोदाने म्हटले गेले; त्यात विनोद कमीच होता.

त्यानंतर जे सुरू झाले ते १९१४च्या रंगीत पुस्तकांचीच आठवण करून देणारे होते. नाटोच्या विस्ताराने रशियाला डिवचले, असा एक पक्ष. आक्रमण करणाऱ्याने ते करायचे ठरविले म्हणून झाले, असा दुसरा. पहिला क्लार्क यांचा आधार घेतो, दुसरा फिशर यांचा. आणि तडजोड हवी की कठोर प्रतिकार, हे त्या निवडीवर ठरते. येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. तणाव का साचला हा एक, आणि अमुक तारखेला सीमा ओलांडण्याचा हुकूम कोणी दिला हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात अनेकांचा वाटा असू शकतो. दुसऱ्याचे उत्तर बहुधा एका सहीपाशी येऊन थांबते. तारा आणि तासांचा हिशेब ठेवणारा हौशी अभ्यासक एरवी चेष्टेचा विषय असला, तरी हा भेद त्याला अनेक भाष्यकारांपेक्षा नीट कळतो.

त्या सह्यांचे कागद हाती लागायला मात्र वेळ लागतो. १९३९च्या जर्मन-सोव्हिएत कराराला पूर्व युरोपची वाटणी करणारी गुप्त पुरवणी होती, हे मॉस्कोने अधिकृतपणे कबूल केले ते डिसेंबर १९८९ मध्ये. तोपर्यंत पन्नास वर्षे असा कागदच नाही, असे सांगितले जात होते.