मताचें पाकीट कोणाच्या हातीं?

अमेरिकेच्या एका दक्षिणेकडील राज्यांत स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या हिवाळ्यांत भेटावयास आला होता. क्षेमकुशल झाल्यावर त्यानें एक तक्रार सांगितली. त्याच्या वसाहतींतील घरमालकांच्या संघाची निवडणूक झाली. मतपत्रिका टपालानें घरोघर गेल्या. पण भरलेल्या मतपत्रिका ज्या पत्त्यावर परत धाडावयाच्या, तो पत्ता वसाहतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीचा होता. आणि त्या कंपनीचें कंत्राट ठेवावें कीं मोडावें, हाच त्या निवडणुकींतील मुख्य वाद होता! हें ऐकून मीं हसलों. आपल्याकडील गच्चीच्या नि गटाराच्या भांडणांचाच हा विलायती नमुना, असें मला वाटलें. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

कारण हे संघ म्हणजे करमणुकीचीं मंडळें नव्हेत. अमेरिकेंत सात कोटींहून अधिक लोक अशा संघांच्या अधिकाराखालीं राहतात. घर विकत घेतलें कीं मालक आपोआप सभासद होतो; नको म्हणण्याची सोय नाहीं. संघाचें कार्यकारी मंडळ वर्गणी ठरवितें, जादा पट्टी बसवितें, दंड करितें. आणि अनेक राज्यांत थकलेल्या वर्गणीपायीं घरावर बोजा चढवून तें लिलावांतहि काढूं शकतें. ज्या सत्तेच्या हातीं माणसाचें छप्पर आहे, त्या सत्तेच्या निवडणुकीस क्षुल्लक कसें म्हणावें?

टपालाच्या मतदानासच माझा विरोध आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. घर भाड्यानें देऊन परगांवीं राहणारा मालक, अंथरुणास खिळलेली वृद्धा, रात्रपाळीचा कामगार, यांना सभेच्या वेळीं हजर राहा म्हणणें म्हणजे त्यांचें मत काढून घेणेंच होय. दोष टपालाचा नाहीं. मतदाराच्या हातून सुटलेलें पाकीट मोजणीच्या मेजावर पोहोंचेपर्यंत कोणाच्या हातीं असतें, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न किती भयंकर ठरूं शकतो हें लास व्हेगासनें दाखविलें. 2003 ते 2009 या काळांत तेथील एका बांधकाम-कंत्राटदारानें कांहीं साथीदारांसह विस्टाना व इतर वसाहतींच्या संघांची मंडळें मुठींत आणण्याचा कट केला. सदोष बांधकामाची दुरुस्ती नि त्यावरील दावे यांचें काम कोणास द्यावयाचें हें मंडळ ठरवितें. म्हणून नामधारी मालक उभे करून त्यांना मंडळावर निवडून आणण्याचा हा खटाटोप होता. बाहेरगांवच्या मालकांच्या नांवें खोट्या मतपत्रिका भरल्या, त्या कॅलिफोर्नियांत नेल्या आणि तेथील निरनिराळ्या ठिकाणांहून टपालांत टाकल्या, म्हणजे शिक्का पाहणाऱ्यास मतें खरोखरच दुरून आलीं असें वाटावें! निवडणुकीवर देखरेख करण्यास निःपक्षपाती म्हणून जो वकील बसवावयाचा, तोहि त्यांनीं आपलाच आणिला. अखेर चाळीसहून अधिक जण दोषी ठरले आणि मुख्य सूत्रधारास 2015 मध्यें पंधरा वर्षांहून अधिक कारावास झाला.

यावर आक्षेपक म्हणेल कीं, असे दरोडे विरळा पडतात. मान्य. पण दरोडेखोर ज्या खिंडारांतून शिरला तें खिंडार किती घरांत आहे, हें पाहावयाचें कीं नाहीं? खोट्या सह्यांची गरजच नसते. सत्तेवर असलेला उमेदवार दारोदार जाऊन गोड शब्दांत म्हणतो, “द्या इकडे, मींच पोहोंचवितों.” शेजाऱ्यास नाहीं कसें म्हणावें? पाकिटें त्याच्या पिशवींत जमतात. त्यांतील किती पोहोंचतात तें त्यालाच ठाऊक. कधीं मतपत्रिका मालकाऐवजीं भाडेकऱ्याच्या पत्रपेटींत पडते. कधीं पुरेशीं मतें येतच नाहींत, गणपूर्ति होत नाहीं, आणि जुनेंच मंडळ खुर्चीवर राहतें. अशा मंडळास मतदान वाढविण्याची तळमळ कोठून असणार?

उपाय नाहीं असें नाहीं. कॅलिफोर्नियानें जुलै 2006 पासून दुहेरी लिफाफ्याची पद्धत सक्तीची केली. मतपत्रिका आंतल्या बिननांवाच्या लिफाफ्यांत. तो बाहेरच्या लिफाफ्यांत. आणि बाहेरच्यावर मतदाराचें नांव, पत्ता नि सही. मतपत्रिका मुदतीपूर्वीं निदान 30 दिवस पाठवावयाची. ती उमेदवाराकडे वा मंडळाकडे न जातां स्वतंत्र निवडणूक-निरीक्षकाकडे परत यावयाची. आणि मोजणी उघड्या सभेंत, पाहूं इच्छिणाऱ्या सभासदांच्या डोळ्यांसमोर व्हावयाची. संघाची इतर कामें मोबदला घेऊन करणाऱ्यास निरीक्षक होतां येणार नाहीं, हा निर्बंध 2020 पासून आला. माझ्या विद्यार्थ्याची तक्रार या एका कलमानें मिटली असती.

तरीहि कायदा भंगल्यास दाद मागण्याचा भार सामान्य सभासदावरच पडतो. वर्षाच्या आंत न्यायालयांत जावें तें त्यानेंच, आणि दंड झालाच तर एका भंगामागें फार तर 500 डॉलर. दुसरे सुधारक म्हणतात, कागदच नको, यंत्रावर मत घ्या. त्याच राज्यानें 2025 पासून तीहि मुभा दिली आहे. घ्यावें खुशाल. पण यंत्रासहि किल्ली असते, आणि ती कोणाच्या कनवटीस, हा प्रश्न उरतोच.

आपल्या गृहनिर्माण संस्थांत 1960 च्या सहकार कायद्यानें सभासदानें स्वतः मत द्यावें असा दंडक घातला. तेव्हां हा रोग आपला नव्हे, असें वाचकांस वाटेल. पण याच मासिकाच्या वाचकांनीं तो आपल्या सरस्वतीच्या अंगणांत पाहिला आहे. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षाची निवडणूक टपालानेंच होत असे, आणि कोऱ्या मतपत्रिकांचे गठ्ठे गोळा होतात हा आरोप वर्षानुवर्षें चालला होता. 2018 सालीं महामंडळानें काय केलें? गठ्ठा बांधणाऱ्याचे हात न धरतां निवडणूकच मोडीत काढली, आणि अध्यक्ष सन्मानानें निवडण्याची प्रथा सुरू केली. त्यानंतर योग्य माणसें त्या आसनावर बसलीं, हें मला मान्य आहे. पण पाकीट चोरीस जातें म्हणून मतच रद्द करणें, हा कोठला न्याय? उंदीर झाले म्हणून कोणी कणगी जाळीत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें मंडळाकडे लेखी मागणी केली आहे कीं, पुढच्या खेपेस पाकिटें त्रयस्थाकडे जावींत आणि सर्वांदेखत उघडावींत. अद्याप उत्तर आलेलें नाहीं. येईपर्यंत त्यानें विचारीत राहावें. आणि आपणहि, ज्या ज्या संस्थेंत आपलें मत बंद पाकिटांतून जातें, तेथें तोच प्रश्न विचारावा.