दोन तळेगावांचा हुतात्मा

तळेगाव दाभाड्याहून चाकणमार्गे शिक्रापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज रात्रंदिवस कंटेनरची रांग असते. उद्योगनगरीच्या वैभवाचा हा राजमार्ग. परंतु त्याच्या दोन्ही टोकांशी एकाच क्रांतिकारकाचे आयुष्य बांधलेले आहे, हे तेथून नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? शिक्रापूरलगतचे तळेगाव ढमढेरे हे विष्णु गणेश पिंगळे यांचे जन्मगाव. तळेगाव दाभाड्याला प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. राष्ट्रीय शिक्षणाचे बाळकडू पिंगळ्यांना मिळाले ते तेथे. पुढे सरकारी अवकृपेने ते विद्यालय बंद पडले.

१८८८ साली जन्मलेला हा तरुण १९११ मध्ये अमेरिकेस गेला आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्रविद्या शिकू लागला. निगडी-प्राधिकरणातील कोणत्याही घराला हा प्रवास परका वाटणार नाही. मुलगा इंजिनीअर व्हावा, परदेशी शिकावा, ही आकांक्षा त्या काळीही होतीच. फरक पडला तो पुढे. १९१३ मध्ये सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींनी तेथे गदर चळवळ उभी केली. तिचे बहुसंख्य स्वयंसेवक पंजाबचे शेतकरी, लाकूड गिरण्यांत राबणारे मजूर, काही माजी सैनिक. त्यांच्यात हा मराठी विद्यार्थी सामील झाला. महायुद्ध पेटताच नोव्हेंबर १९१४ मध्ये कर्तारसिंग सराभा आणि सत्येन सेन यांच्यासमवेत तो कलकत्त्याच्या बंदरात उतरला.

इतका शिकलेला तरुण जगता, तर देशाला अधिक उपयोगी पडला नसता का, असा प्रश्न आजचा पालक विचारील. प्रश्न अप्रामाणिक नाही. परंतु पिंगळ्यांनी नेमके कोणते काम केले, हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. पंजाबात परतलेल्या गदरवीरांपाशी माणसे होती, जिद्द होती; अनुभवी नेता नव्हता. काशीत गुप्तपणे राहणारे रासबिहारी बोस हे तसे नेते होते, पण त्यांचा या मंडळींशी दुवा नव्हता. तो पिंगळ्यांनी जोडला. बंगालचे नेतृत्व आणि पंजाबचे मनुष्यबळ यांना जोडणारा माणूस भीमाकाठच्या खेड्यातला असावा, ही घटना लहान नव्हे.

लष्करी छावण्यांतील देशी पलटणींनी एकाच दिवशी उठाव करावा, अशी योजना होती. गोऱ्या पलटणी मोठ्या संख्येने युद्धावर गेल्या होत्या. संधी खरी होती. २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस ठरला. कृपालसिंग या फितुराने तो सरकारला कळवला. दिवस दोन दिवस अलीकडे आणला, तोही फुटला. धरपकड सुरू झाली. रासबिहारी पुढे जपानला निसटले. पिंगळ्यांनाही निसटता आले असते. ते गेले मात्र मेरठच्या छावणीत, सोबत बाँब घेऊन! २३ मार्च १९१५ च्या रात्री बाराव्या घोडदळाच्या लाइनींत ते पकडले गेले. फितुरीचा एवढा अनुभव गाठीशी असताना पुन्हा छावणीतल्या माणसांवर विसंबणे हे धाडस होते की अविचार, यावर वाद घालता येईल. मात्र सैनिक उठल्याखेरीज सत्ता हलणार नाही, हे त्यांचे गणित चुकीचे नव्हते. १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावाने ते दाखवून दिले.

लाहोर कटाच्या खटल्यात चोवीस जणांना फाशी सुनावली गेली. सतरा जणांची शिक्षा व्हाइसरॉयने जन्मठेपेवर आणली. उरलेल्या सातांत सराभा होते आणि पिंगळे होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले. पिंगळ्यांचे वय सत्तावीस, सराभांचे अवघे एकोणीस. त्याच कारागृहात सोळा वर्षांनी, पुन्हा एका २३ मार्चला, भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह चाकणशेजारच्या खेडचे शिवराम हरी राजगुरू फासावर चढले. खेडचे राजगुरूनगर झाले. चिंचवडने चापेकर बंधूंना चौकाचौकांत जपले. पिंगळ्यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या ओळीपलीकडे क्वचितच जाते.

पंजाबात सराभांचे नाव घरोघरी आहे. चाकणच्या कारखान्यांतून मोटारी घेऊन उत्तरेकडे निघालेल्या एखाद्या शीख ट्रकचालकाला ते विचारावे, तो सांगेल. सराभांबरोबर त्या सकाळी फासावर गेलेला मराठी तरुण याच रस्त्यावरच्या गावचा होता, हे त्याला सांगणारा कोणीतरी येथे हवा.