ग्रब टाकायचा कुणाच्या डिस्कवर?

दिवाळीला घरी पोचून चकलीचा पहिला तुकडा मोडला आणि पार्टनरचा फोन. "अरे, माझा पीसी सुरूच होत नाहीये. काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू असं काहीतरी येतंय. काय करून गेलायस?"

मी तर काहीच केलं नव्हतं! माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेल्यापासून त्याची हार्ड डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून मी पार्टनरच्या जुन्या पीसीवर चालवत होतो. निघायच्या आदल्या रात्री डेबियन ११ चं १२ केलं. मध्येच प्रश्न आला : ग्रब ज्या डिस्कवर होता ती सापडत नाही, आता कुठे टाकू? केसिंगमुळे डिस्कची ओळख बदलली होती. खाली दोन डिस्कची नावं आणि वर सल्ला, की नक्की माहीत नसेल तर सगळीकडे टाकलेलं बरं. रात्रीचे दोन वाजलेले. दिली दोन्हीवर टिक मारून.

मित्रांनो, जुन्या बायोसच्या मशीनवर डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात बूट कोडला जागा जेमतेम ४४६ बाइट, बाकी पार्टिशन टेबल वगैरे. एवढ्यात ग्रब मावत नाही. म्हणून त्याचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसतो, आणि मेनू, मोड्यूल्स तो बूट फोल्डरमधून उचलतो. ते फोल्डर माझ्या डिस्कवर, आणि डिस्क माझ्या बॅगेत! पार्टनरचं विंडोज आणि त्यातला प्रोजेक्ट रिपोर्ट जागच्या जागी होता, फक्त आत जायची वाट बंद. रिकाम्या होस्टेलमध्ये विंडोजची डीव्हीडी शोधण्यात त्याचे दोन दिवस गेले. मग मी फोनवरून "बूटरेक, स्पेस, स्लॅश, फिक्सएमबीआर" असं सांगितलं. काम पाच मिनिटांचं.

'सगळीकडे टाका' हा सल्ला एक मशीन, एक मालक असेल तिथे ठीक आहे. होस्टेलवर एकाच पीसीला दोघांच्या डिस्क लागतात. न विचारता दुसऱ्याच्या डिस्कवर टिक मारणं म्हणजे त्याच्या कपाटाला आपलं कुलूप लावून गावी जाणं. डिस्कच्या नावापुढे साइज आणि मॉडेल लिहिलेलं असतं, ते वाचायला दहा सेकंद लागतात.

बरं, घाबरून आपलीही डिस्क सोडून द्यावी तर तेही चालत नाही. जुलै २०२० मध्ये बूटहोल या त्रुटीवरचे अपडेट आले, तेव्हा कित्येकांच्या मशीनवर नवा ग्रब भलत्याच डिस्कवर गेला. बूट होणाऱ्या डिस्कवर जुना कोड, फोल्डरमध्ये नवी मोड्यूल्स. दोघांचं जमेना आणि पुन्हा तीच काळी स्क्रीन. यूईएफआयवर प्रत्येक ओएसला वेगळं फोल्डर मिळतं हे खरं, पण बाहेरच्या डिस्कवर लिनक्स टाकताना काही इन्स्टॉलर आतल्याच डिस्कचं ईएफआय पार्टिशन वापरून मोकळे होतात.

सरांनाही एक विनंती. ओएसच्या प्रॅक्टिकलला शेड्यूलिंगचे प्रोग्रॅम आम्ही पाठ करून लिहितो. एखादं प्रॅक्टिकल लॅबमधल्या भंगार पीसीवर बूटलोडर मोडून परत बसवण्याचं ठेवा ना.

आता मी अपग्रेडला बसलो की पार्टनर आधी कॅबिनेट उघडतो, स्वतःच्या डिस्कची केबल काढतो आणि मगच झोपायला जातो.